आयरिश पारंपरिक संगीत: गट, तबकड्या आणि तुमचे नेहमीचे प्रश्न

आयरिश संगीतावर मराठीत लिहायला लागल्यापासून फिरून फिरून तेच प्रश्न येतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा एकदाच सगळं इथे मांडतो. प्रश्न तुमच्याच शब्दांत आहेत, थोडी काटछाट केली आहे एवढंच. वरून खाली वाचलंच पाहिजे असं नाही. जिथे एक उत्तर दुसऱ्यावर टेकतं तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आयरिश पारंपरिक संगीत म्हणजे एन्या आणि रिव्हरडान्सच ना?

नाही, पण दोघांचं माहेर तेच. एन्या १९८० ते १९८२ या काळात ‘क्लॅनड’ या गटात होती. डॉनेगॉलमधल्या ग्वीडोर गावचा हा गट म्हणजे तिच्याच घरातली भावंडं आणि मामा. क्लॅनडनं १९८२ मध्ये एका दूरदर्शन मालिकेसाठी आयरिश भाषेत केलेलं शीर्षकगीत ब्रिटनमधल्या खपाच्या यादीत पहिल्या पाचात गेलं. तोवर त्या भाषेतल्या एकाही गाण्याला ते जमलं नव्हतं. एन्याचं पुढचं संगीत मात्र स्टुडिओत थरावर थर चढवून केलेलं आहे, त्याला पारंपरिक म्हणता येणार नाही.

‘रिव्हरडान्स’ हा नाचाचा कार्यक्रम पहिल्यांदा दिसला १९९४ च्या युरोव्हिजन या गाण्यांच्या स्पर्धेच्या मध्यंतरात. संगीतकार बिल व्हेलन. हा माणूस आधी ‘प्लँक्स्टी’ या गटात कीबोर्ड वाजवून गेला होता, आणि १९८१ च्या युरोव्हिजनच्या मध्यंतरात प्लँक्स्टीनं ‘टाइमडान्स’ नावाचा असाच प्रयोग केला होता. म्हणजे रिव्हरडान्सची रंगीत तालीम तेरा वर्षं आधीच झाली होती म्हणा ना.

पारंपरिक म्हणजे दोन गोष्टी: नाचासाठीच्या धुना, आणि गाणी. धुना एका सुरावटीच्या, कानानं शिकलेल्या, बहुतेकांचे कर्ते विस्मरणात गेलेले. जुन्या ढंगाचं गाणं, ज्याला ‘शॅन-नोस’ म्हणतात, ते साथीशिवाय एकट्यानं गायचं. त्यात ठेका धरता येत नाही, आणि धरूही नये.

२. एकच अल्बम सांगा, तो आवडला तर पुढे जाईन.

‘द बॉथी बँड’चा पहिला अल्बम, ‘१९७५’. नावच ते आहे, आणि सालही तेच. पहिलाच ट्रॅक लावा आणि हातातलं काम बाजूला ठेवा. त्या ट्रॅकमध्ये काय घडतं ते प्रश्न ४ मध्ये सविस्तर लिहिलं आहे.

गाणी जास्त आवडत असतील तर प्लँक्स्टीचा १९७३ चा पहिला अल्बम, ज्याला सगळे ‘काळा अल्बम’ म्हणतात. तुम्ही मूळचे शास्त्रीय ऐकणारे असाल आणि विलंबितात रमत असाल तर मार्टिन हेज आणि डेनिस केहिल यांचा ‘लाइव्ह इन सिअ‍ॅटल’ (१९९९) घ्या. फक्त फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि गिटार. त्यात एक सलग तुकडा जवळजवळ अर्ध्या तासाचा आहे. अगदी सावकाश सुरू होऊन एका धुनेतून दुसरीत सरकत सरकत असा काही तापतो की शेवटी श्रोते ओरडायला लागतात.

३. रील, जिग, हॉर्नपाइप… मला सगळं सारखंच वाटतं. ओळखायचं कसं?

सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतं. मात्रा मोजा.

जिग म्हणजे सहाचा हिशेब, तीन-तीनच्या दोन जोड्या. दादरा ऐकलेल्या कानाला ती पहिल्या दोन आवर्तनांत पकडता येते, फक्त वेग दादऱ्यापेक्षा बराच. स्लिप जिगमध्ये तीनचे तीन गट, म्हणजे नऊ. तिचा तोल सतत पुढे झुकल्यासारखा वाटतो, म्हणून ती पटकन ओळखू येते. रीलमध्ये आठ समान नोटा सरळ धावत सुटतात, केरव्याच्या दुगणीसारख्या. हॉर्नपाइपही चारच्याच हिशेबातला, पण लंगडी घालत चालल्यासारखा: एक नोट लांब, एक आखूड. पोल्का दोनचा, आखूड आणि ठसकेबाज. स्लाइड ही जिगची धाकटी, उतावळी बहीण.

बहुतेक धुनांचा साचा एकच. आठ मापांचा पहिला भाग दोनदा, आठ मापांचा दुसरा भाग दोनदा, मिळून बत्तीस मापं. आपल्याकडच्या अस्ताई-अंतऱ्यासारखं समजा, पण दुसरा भाग वाजवून झाल्यावर विस्तार नाही, आलाप नाही. पुन्हा पहिल्यापासून. कलाकाराची हुशारी त्या बत्तीस मापांच्या आतच दिसते: कुठे मुरकी घेतली, कुठे श्वास चोरला, दुसऱ्या फेरीत कोणती नोट बदलली.

४. एकाच ट्रॅकला तीन-तीन, चार-चार नावं का असतात? छापताना चूक झाली आहे का?

चूक नाही. याला ‘सेट’ म्हणतात. बत्तीस मापांची रील अर्ध्या-पाऊण मिनिटात संपते, म्हणून ती दोन-तीनदा वाजवायची आणि न थांबता पुढच्या धुनेत शिरायचं. तिरक्या रेघा मारून जी नावं छापलेली असतात ती त्या सेटमधल्या धुनांची, वाजवलेल्या क्रमानं.

बॉथी बँडच्या पहिल्या ट्रॅकवर चार नावं आहेत: ‘द केश जिग’, ‘गिव्ह अस अ ड्रिंक ऑफ वॉटर’, ‘द फ्लॉवर ऑफ द फ्लॉक’ आणि ‘फेमस बॅलिमोट’. सुरुवात साध्या जिगनं, सहात. केश जिग ही अगदी नवशिक्यांना शिकवतात ती धून. मग स्लिप जिग, सहाचं नऊ होतं. ज्याला कळत नाही त्यालाही पायाखालची फळी हलल्यासारखं होतं. आणि मग रील. त्या वळणावर डोनल लनीचं बुझुकी (हे तारवाद्य, प्रश्न ७ बघा) आणि मीहॉल ओ डोनलची गिटार असा जोर लावतात की पाइप (आयरिश बॅगपाइप, तेही प्रश्न ७ मध्ये), फिडल आणि बासरी त्या लाटेवर उचलल्या जातात. नाव सांगायचं झालं तर ते ‘चार धुना’ एवढंच. पण क्रम कोणी ठरवला, कुठे गिअर बदलला, यातच त्या गटाची सही आहे.

सेटचा दुसरा उगम तबकड्यांत आहे. ७८ गतीच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. फिडलवादक मायकेल कोलमननं १९३४ मध्ये ‘टारबोल्टन’, ‘लाँगफर्ड कलेक्टर’ आणि ‘सेलर्स बॉनेट’ या तीन रील एका बाजूवर वाजवल्या. आज कुठल्याही बैठकीत कुणी ‘टारबोल्टन’ सुरू केली की पुढच्या दोन त्याच क्रमानं येतात. नव्वद वर्षं झाली, कुणी क्रम बदलायला धजत नाही.

५. हे गट शेकडो वर्षं जुने असतील ना? आपल्याकडच्या परंपरेसारखे?

हा गैरसमज सगळ्यात जास्त. धुना जुन्या आहेत, गट नाहीत. हे संगीत मुळात एकट्या-दुकट्यानं वाजवायचं. स्वयंपाकघरात फिडल वाजायची आणि शेजारी नाचायचे.

पहिल्या महत्त्वाच्या तबकड्या आयर्लंडमध्ये नव्हे, न्यूयॉर्कमध्ये निघाल्या. तिथे एलन ओबर्न नावाच्या बाईंचं दुकान होतं. गिऱ्हाइकं देशाकडचं संगीत मागायची आणि माल नव्हता. १९१६ मध्ये त्यांनी कोलंबिया कंपनीला गळ घातली. कंपनी म्हणाली, पाचशे प्रती तुम्ही उचलणार असाल तर काढतो. बँजोवर एडी हर्बोर्न आणि अ‍ॅकॉर्डियनवर व्हीलर यांची तबकडी निघाली, संपली, आणि एक धंदा उभा राहिला. कोलमन आणि जेम्स मॉरिसन हे स्लायगोचे फिडलवाले त्यानंतरचे.

देशात काय चाललं होतं? १९३५ मध्ये सार्वजनिक नृत्यगृहांचा कायदा आला. परवान्याशिवाय नाच भरवायचा नाही. घरातले नाच आटले आणि गावच्या सभागृहात गेले. एवढ्या मोठ्या खोलीत एक फिडल ऐकू कशी येणार? म्हणून आठ-दहा वाजवणारे, पियानो आणि ड्रम असे ‘केली बँड’ फोफावले. किल्फेनोरा केली बँड तर त्याआधीपासून, १९०९ पासूनचा. टला केली बँड १९४६ चा.

आज आपण ज्याला गट म्हणतो, बसून ऐकायचा, त्याचा जनक शॉन ओ रीआडा. शिक्षणानं पाश्चात्त्य पद्धतीचा संगीतकार. १९६० च्या सुमारास त्यानं ‘क्योल्टोरी खूलन’ हा संच बांधला. केली बँडची तो जाम टर उडवायचा. उपड्या बरणीत अडकलेल्या माशीच्या गुणगुणीशी त्यानं त्यांची तुलना केली होती. (किल्फेनोराचे चाहते अजून रागावतात, आणि माझ्या मते त्यांचा राग रास्त आहे.) त्याची कल्पना साधी होती: सगळ्यांनी सगळा वेळ वाजवायचं नाही. आधी बासरी एकटी, मग फिडल, मग दोघं, मग सगळे. जुन्या तारेच्या हार्पचा आवाज हवा म्हणून तो स्वतः हार्पसिकॉर्डवर (पियानोच्या आधीचं, तारा छेडणारं पट्ट्यांचं वाद्य) बसायचा. बाउरॉन हे चामड्याचं गोल वाद्य तोवर खेड्यातल्या सणापुरतं होतं, ते त्यानं सूटबूट घातलेल्या मंडळींच्या मध्ये आणून ठेवलं. १९६९ चा डब्लिनच्या गेटी थिएटरमधला त्यांचा कार्यक्रम अल्बमरूपात मिळतो. ओ रीआडा १९७१ मध्ये गेला, अवघ्या चाळिशीत.

६. चीफ्टन्स, प्लँक्स्टी, बॉथी बँड: फरक काय? सगळे एकाच काळातले दिसतात.

थोडक्यात सांगायचं तर चीफ्टन्स म्हणजे मांडणी, प्लँक्स्टी म्हणजे गाणी आणि बॉथी बँड म्हणजे आग.

*चीफ्टन्स* १९६२ मध्ये डब्लिनला जमले. पॅडी मलोनी हा पाइप वाजवणारा मुख्य, आणि बरेचसे ओ रीआडाच्या संचातलेच. पहिला अल्बम क्लाडा या छोट्या कंपनीनं काढला, दुसरा यायला १९६९ उजाडलं. नोकऱ्या सांभाळून वाजवायचे ना! १९७५ च्या सेंट पॅट्रिक दिनी लंडनचं रॉयल अल्बर्ट हॉल भरलं आणि मग पूर्णवेळ झाले. त्याच वर्षी ‘बॅरी लिंडन’ चित्रपटात त्यांचं वादन जगानं ऐकलं. पुढे व्हॅन मॉरिसनबरोबरचा ‘आयरिश हार्टबीट’ (१९८८), १९८३ चा चीनचा दौरा, सहा ग्रॅमी. मलोनी ऑक्टोबर २०२१ मध्ये गेला. पाहुण्या कलाकारांची गर्दी असलेले नंतरचे अल्बम मला फारसे रुचत नाहीत. ‘चीफ्टन्स ३’, ‘४’ आणि ‘५’ मात्र वर्षातून एकदा तरी ऐकतो.

*प्लँक्स्टी*चा जन्म एका दुसऱ्याच अल्बमच्या पोटी झाला. ख्रिस्टी मूरनं किल्डेअर परगण्यातल्या प्रॉस्परस गावी एका जुन्या घरात मित्र जमवून गाणी मुद्रित केली. १९७२ मध्ये आलेल्या त्या अल्बमचं नाव ‘प्रॉस्परस’. त्यातलेच चौघं, म्हणजे मूर, डोनल लनी, अँडी अर्व्हाइन आणि पाइपवर लियम ओ’फ्लिन, प्लँक्स्टी झाले. काळ्या अल्बमचा पहिला ट्रॅक ऐका. जिप्सीबरोबर निघून गेलेल्या उमरावाच्या बायकोचं गाणं संपत येतं. टाळी वाजवावी अशी जागा येते, पण गाणं संपतच नाही. तारवाद्यं गाण्याचा ठेका हळूहळू सोडून देतात, आणि त्या मोकळ्या जागेत पाइपवर चारशे वर्षं जुनी हार्पची धून उमलते. गाणं आणि धून यांच्यातली भिंत तिथे पडली. इतकी सोपी गोष्ट, पण आधी कुणाला सुचली नव्हती.

*बॉथी बँड* १९७५ ते १९७९, म्हणजे पुरती पाच वर्षंही नाहीत. प्लँक्स्टी सोडलेला लनी इथे. पॅडी कीननचे पाइप, मॅट मलॉयची बासरी, फिडलवर आधी टॉमी पीपल्स आणि १९७६ पासून केव्हिन बर्क. तीन स्टुडिओ अल्बम आणि पॅरिसला मुद्रित केलेला ‘आफ्टर अवर्स’. एवढ्या शिदोरीवर पुढच्या पन्नास वर्षांतले गट जगले.

७. ते बॅगपाइप आपल्या पोलीस बँडमधल्यासारखेच असतात का?

चुलत भाऊ म्हणा. आपल्याकडे परेडमध्ये दिसतात ते स्कॉटिश डोंगराळ भागातले: तोंडानं फुंकायचे, उभं राहून, मैदानात, मैलभर ऐकू जाणारे. आयरिश ते ‘इलिन’ पाइप. इलिन म्हणजे कोपर. एका कोपराखाली भाता, दुसऱ्याखाली पिशवी, तोंड मोकळं. बसून, घरात वाजवायचे. दोन सप्तकं मिळतात, आणि मांडीवर आडव्या ठेवलेल्या नळ्यांच्या पट्ट्या मनगटानं दाबून मधूनमधून सुरांचा गुच्छही देता येतो. युनेस्कोनं २०१७ मध्ये ही कला आपल्या यादीत घेतली.

बुझुकीबद्दलही वारंवार विचारता. ते मूळचं ग्रीक. १९६० च्या दशकात जॉनी मॉयनिहननं ते आयर्लंडमध्ये आणलं, अर्व्हाइन आणि लनी यांनी रुजवलं. लनीनं त्याची फुगीर पाठ सपाट करून घेतली. आज ते इतकं घरचं वाटतं की ग्रीसचं सांगितलं तर लोक चमकतात. पेटी युरोपातून आलेली आहे हे आपल्याला तरी कुठे आठवतं!

८. कोलमनच्या तबकड्यांवर पियानो इतका विचित्र का वाजतो? माझं काही बिघडलंय का?

तुमचं काही बिघडलेलं नाही. कंपन्या बऱ्याचदा स्टुडिओत हजर असेल त्या पियानोवाल्याला बसवायच्या. त्याला धून माहीत नसायची, कुठल्या स्वरावर उतरणार याचा पत्ता नसायचा, आणि सराव करायला वेळ नसायचा. फिडल एकीकडे, पियानो भलतीकडे. तरी कोलमन ढळत नाही, हे त्या तबकड्या ऐकण्याचं अर्धं कारण.

त्या ऐकाच, एक महत्त्वाचं कारण आहे. स्लायगोचा कोलमन १९१४ मध्ये अमेरिकेला गेला आणि १९२१ पासून पंधरा वर्षं ध्वनिमुद्रणं करत राहिला. त्याच्या तबकड्या बोटीनं परत मायदेशी यायच्या आणि खेडोपाडी फोनोग्राफभोवती लोक जमायचे. परिणाम असा की स्लायगोचा झपाटेदार ढंग देशभर पसरला, आणि कित्येक गावांतल्या वाजवणाऱ्यांना आपली स्वतःची पद्धत गावठी वाटायला लागली. ज्या तबकडीनं संगीत वाचवलं तिनंच त्याचे काही रंग पुसले. (कुठले रंग, ते प्रश्न १४ मध्ये.)

९. डब्लिनर्स पारंपरिक धरायचे का? आणि पोग्ज?

डब्लिनर्स हो, पण वेगळ्या दारानं आलेले. १९६२ मध्येच ओ’डोनोहूज या पबात जमलेली ही मंडळी मुख्यतः गाण्यांची. त्यांचं ‘सेव्हन ड्रंकन नाइट्स’ १९६७ मध्ये ब्रिटनच्या यादीत सातव्या क्रमांकावर गेलं, आणि आयर्लंडच्या सरकारी रेडिओवर बंदी होती. नावात सात रात्री असल्या तरी गाण्यात पाचच येतात. उरलेल्या दोन छापण्यासारख्या नाहीत. बार्नी मॅकेनाच्या बँजोसाठी तरी ते ऐका. फिडलपेक्षा एक सप्तक खाली तारा लावण्याची त्याची रीत आता सगळ्या आयरिश बँजोवाल्यांनी उचलली आहे.

पोग्ज म्हणजे लंडनमधल्या स्थलांतरितांचं पंक. ग्रेट, पण इथे नाही.

१०. ही नावं वाचायची कशी? आणि सख्ख्या बहीण-भावाची आडनावं वेगळी का?

बॉथी बँडमधला गिटारवाला मीहॉल *ओ डोनल* आणि त्याची बहीण ट्रीना *नी गोनल*. आडनाव एकच आहे. ‘ओ’ म्हणजे अमक्याच्या कुळातला, ‘नी’ म्हणजे अमक्याच्या कुळातली. ‘नी’नंतर पहिलं व्यंजन मऊ होतं, रोमन लिपीत त्याच्यापुढे ‘एच’ लागतो आणि उच्चार बदलतो. म्हणून ‘डोनल’चं घशातून काढलेलं ‘गोनल’ होतं. त्याच नियमानं ‘एम’पुढे ‘एच’ आला की ‘व’: ऑल्टन गटाची गायिका मरेड *नी वीनी*.

मी इथे जवळात जवळचा उच्चार देवनागरीत दिला आहे. आयर्लंडमध्येही परगण्यागणिक तो बदलतो, त्यामुळे भांडायला येऊ नका.

११. अल्बम शोधला तर सापडत नाही, किंवा भलत्याच लोकांचा लागतो. काय करावं?

तीन गोष्टी तपासा.

एक, स्पेलिंग. गॉलवेकडचा ‘डे डॅनन’ हा गट सुरुवातीला नावात ‘एन’ एका जागी दुहेरी लिहायचा, १९८० च्या दशकात दुसऱ्या जागी लिहायला लागला. पुढे गट फुटल्यावर दोन वेगळ्या संचांनी जवळपास तेच नाव लावलं. त्यामुळे फ्रँकी गॅव्हिन आणि अ‍ॅलेक फिन दोघंही आहेत का ते बघून घ्या. दोघं असतील तर तो जुना, खरा.

दोन, नावाविना अल्बम. पहिल्या अल्बमला गटाचंच नाव द्यायची खोड सगळ्यांना. म्हणून लोक ‘काळा अल्बम’ वगैरे म्हणतात आणि ते कुठेच छापलेलं नसतं. सालावरून शोधा.

तीन, काही गोष्टी मुद्रितच झालेल्या नाहीत. ‘पॉल ब्रेडी असलेला प्लँक्स्टीचा अल्बम पाठवा’ असं चार जणांनी लिहिलं आहे. १९७४ मध्ये मूरच्या जागी ब्रेडी आला, गट वर्षभरात मोडला, त्या संचाचा स्टुडिओ अल्बम नाही. त्याऐवजी ‘अँडी अर्व्हाइन आणि पॉल ब्रेडी’ हा १९७६ चा अल्बम घ्या, तहान भागेल.

१२. एकच धून दोन अल्बमवर वेगळ्या नावानं कशी? आणि ‘गॅन आनम’ ही धून इतके लोक का वाजवतात?

‘गॅन आनम’ म्हणजे ‘नाव नाही’! नाव आठवलं नाही की कव्हरवर हे छापतात. तुम्ही ऐकलेल्या दहा ‘गॅन आनम’ या दहा वेगळ्या धुना आहेत.

नावं ही धुनांना अडकवलेल्या चिठ्ठ्या. ज्याच्याकडून शिकलो त्याचं नाव, गावाचं नाव, काहीही. याच्या उलटही असतं: पूर्व गॉलवेचा फिडलवादक पॅडी फेही यानं अनेक सुंदर धुना बांधल्या आणि एकीलाही नाव दिलं नाही. परिणामी सगळ्यांचं नाव ‘पॅडी फेहीज’. जिग की रील विचारलं की जरा गाळणी लागते, मग गुणगुणून दाखवावं लागतं.

१३. कव्हरवर ‘ट्रॅड.’ लिहिलंय. म्हणजे मी माझ्या व्हिडिओला ते फुकट लावू शकतो?

नाही. धून कुणाचीच नसेल, पण ते वाजवणं आणि ते ध्वनिमुद्रण कुणाचं तरी आहे. ‘ट्रॅड. अरेंज्ड’ लिहिलं असेल तर मांडणीचे हक्कही त्या गटाचे. तुम्ही स्वतः वाजवलीत तर धुनेपुरता प्रश्न नाही.

धुनेपुरताही कधी कधी असतो, कारण पारंपरिक वाटणारं सगळंच पारंपरिक नसतं. ‘बॅरी लिंडन’मधली ती काळजाला हात घालणारी धून लोक शतकानुशतकांची समजतात. शब्द अठराव्या शतकातले आहेत, चाल ओ रीआडाची, विसाव्या शतकातली. आणि माझं आवडतं उदाहरण: ‘म्युझिक फॉर अ फाउंड हार्मोनियम’. पेंग्विन कॅफे ऑर्केस्ट्रा या इंग्लिश संचाच्या सायमन जेफ्सला जपानमधल्या क्योटोत एक टाकून दिलेली पेटी सापडली, तिच्यावर त्यानं ही रचना केली. ‘पॅट्रिक स्ट्रीट’ या आयरिश गटानं १९९० मध्ये ती रीलसारखी वाजवली, आणि आता ती पबातल्या बैठकीत आजोबांच्या काळची असल्यासारखी वाजते.

१४. तिथेही आपल्यासारखी घराणी आहेत का?

घराणी नाहीत, परगणे आहेत. गुरुशिष्यापेक्षा मातीवरून ओळख. डॉनेगॉलचा गज आखूड आणि खणखणीत, स्कॉटलंडचं वारं लागलेला. त्यासाठी ‘ऑल्टन’ ऐका, विशेषतः १९९३ चा ‘आयलंड एंजल’. (त्यांचा बासरीवादक फ्रँकी केनेडी पुढच्याच वर्षी कॅन्सरनं गेला. मरेड त्याची बायको. गट तिनं चालू ठेवला.) पूर्व क्लेअर संथ, किंचित उदास, मार्टिन हेज तिथला, त्याचे वडील टला केली बँडमध्ये. कॉर्क आणि केरीच्या सीमेवरचं स्लीव लूखरा हे पोल्का आणि स्लाइडचं राज्य. ज्युलिया क्लिफर्ड आणि डेनिस मर्फी या बहीण-भावाचा ‘द स्टार अबव्ह द गार्टर’ (१९६९) त्यासाठी. दोन फिडल, बाकी काही नाही, आणि काही लागतही नाही. कोलमनच्या झपाट्यातून हे रंग वाचले ते अशा आडबाजूच्या मुद्रणांमुळे.

१५. रेकॉर्डबरोबर वाजवायला घेतो, पण माझी बासरी जुळतच नाही.

हा प्रश्न बासरी शिकणाऱ्यांकडून येतो, आणि घोळ मोजण्यात आहे. आयरिश टिन व्हिसल ‘डी’ची म्हणतात, म्हणजे आपली पांढरी दोन. म्हणून लोक पांढरी दोनची बासरी विकत आणतात आणि फसतात. आपण बासरीची पट्टी सांगतो ती वरची तीन भोकं झाकून निघणाऱ्या ‘सा’वरून. ते सांगतात सहाही भोकं झाकून. त्यांच्या डी व्हिसलवर तीन झाकली की निघतो ‘जी’. म्हणजे तुम्हाला हवी पांढरी पाचची बासरी. तिचा मंद्र पंचम हा त्यांचा ‘डी’.

तरीही अर्धा स्वर वर वाटत असेल तर ते मुद्रणच काळी दोनमध्ये आहे. फिडलवाले तारा चढवून चमक आणतात. बराच खाली असेल तर पाइप ‘फ्लॅट’ जातीचे, पांढरी एक किंवा त्याखालचे. आणि जुनी तबकडी असेल तर मूळ मुद्रणाची गतीच धड नसते, तिथे बासरी बदलू नका, सॉफ्टवेअरमध्ये गाणं सरकवा.

१६. हल्लीचं कोण ऐकावं?

‘द ग्लोमिंग’ (पहिला अल्बम २०१४): शॅन-नोस गायक आणि न्यूयॉर्कचा पियानोवाला एकत्र. इथला पियानो प्रश्न ८ मधल्याचं पापक्षालन करतो. ‘लँकम’ (‘फॉल्स लँकम’, २०२३): डब्लिनचे, जुनी गाणी खर्जाच्या काळ्या घोंगड्यात गुंडाळून देतात, रात्री एकटे असाल तर जपून. स्लायगोचा ‘डर्विश’ आणि वाद्यसंगीतासाठी ‘लूनासा’ तर आहेतच. अमेरिकेतला ‘चेरिश द लेडीज’ हा १९८५ पासूनचा बायकांचा गट. नाव एका जिगचं.

१७. पुढच्या महिन्यात आयर्लंडला जातोय. पबात जाऊन त्यांच्यात वाजवलं तर चालेल का?

चालतं, पण ती मैफल नाही आणि खुलं व्यासपीठही नाही. आधी एक-दोन सेट नुसतं ऐका. मधल्या खुर्च्यांवर बसू नका, त्या ठरलेल्या असतात. धून येत नसेल तर वाजवू नका, अंदाजानं स्वर शोधत बसणं फार वाईट दिसतं. एका वेळी एकच बाउरॉन, आणि ते तुमचं नसावं. शॅन-नोस सुरू झालं की ग्लाससुद्धा टेबलावर हळू ठेवायचा. थोड्या वेळानं कुणीतरी ‘काही वाजवणार का?’ म्हणतंच. तेव्हा अवघड काही काढू नका. केश जिग काढा, सगळे सामील होतील.

जुलैत जात असाल तर क्लेअरमधल्या मिलटाउन मॅलबे गावी विली क्लॅन्सी उन्हाळी शाळा असते, १९७३ पासून. गावातली प्रत्येक खोली वाजत असते. डब्लिनमध्ये स्मिथफील्डचा ‘कॉबलस्टोन’ पब. २०२१ मध्ये तिथे हॉटेल उठवायचा बेत होता, तेव्हा लोक वाद्यं घेऊन रस्त्यावर उतरले आणि महापालिकेनं परवानगी नाकारली. मुद्रणं धुंडाळायची असतील तर मेरियन चौकातलं पारंपरिक संगीत अभिलेखागार गाठा, तिथे बसून ऐकू देतात.

आणि मोबाइलवर रेकॉर्ड करण्याआधी विचारा. बहुतेक जण हो म्हणतात. धुनेचं नाव मात्र लगेच तिथेच विचारून घ्या, नाहीतर घरी आल्यावर मला क्लिप पाठवाल आणि मी उत्तर देईन, ‘गॅन आनम’.